जर्मनीचं उदाहरण द्या, पण पूर्ण द्या

2025 च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्रात रान पेटलं होतं. 29 जूनला सरकारने त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले, पण वाद थांबला नाही. तो शाळेतून बाहेर पडला आणि दुकानांत, लोकलच्या डब्यांत, रिक्षांत शिरला. मीरा रोडच्या दुकानदाराला मराठीवरून मारहाण झाल्याचा व्हिडिओ फिरू लागला, त्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्या थोरल्या आतेभावाने लिहिलं, "आमची धाकटी जर्मनीला गेली आणि मुकाट्याने जर्मन शिकली. मग इथे पोट भरायला येणाऱ्यांना मराठी शिकायला काय होतं?"

दादाचा मुद्दा मला पटतो. ज्या गावाचं पाणी प्यायचं त्या गावाची भाषा यावी, यात चुकीचं काहीच नाही. पण त्यासाठी तो उदाहरण माझं देतो आणि ते अर्धंच देतो. आता दादाचाच मुलगा बायको आणि दोन मुलांना घेऊन इथे श्टुटगार्टकडे यायला निघाला आहे आणि रोज मला प्रश्न विचारतो आहे. म्हणून उरलेलं अर्धं दोघांसाठीही लिहिते.

भाच्याचे प्रश्न सामानाचे असतात. कुकर आणू का, पोळपाट-लाटणं मिळतं का, गोडा मसाला किती आणू. आण बाबा, सगळं आण. भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघराच्या जागी नुसत्या भिंती आणि नळ असतात. ओटा, शेगडी, कपाटं आपली आपण बसवायची. पण खरी अडचण कागदांची आहे. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. नोंदणी झाली की कर क्रमांक टपालाने येतो. तो नसेल तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांसाठी घेतलेल्या तात्पुरत्या घराचा मालक ते पत्र देणार नसेल, तर ते घर स्वस्त असलं तरी घेऊ नकोस. अनामत म्हणून मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही. कुणी मागितलं तर नाही म्हण. मुलांच्या लसींची पुस्तकं हातातल्या बॅगेत ठेव आणि गोवराच्या दोन्ही लसींच्या तारखा डॉक्टरांकडून स्वच्छ अक्षरात लिहून घे. 2020 पासून त्याच्या पुराव्याशिवाय पाळणाघरात प्रवेश होत नाही आणि शाळेतही तो पुरावा द्यावा लागतो.

हे सगळं चार महिन्यांत मार्गी लागतं. भाषेचं तसं नाही.

आम्ही माझ्या नोकरीसाठी आलो. ऑफिसात सगळं इंग्रजीत, त्यामुळे मला जर्मन येत नाही हे मला वर्षभर जाणवलंच नाही. ते नवऱ्याला जाणवलं. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराला मिळणारा राहण्याचा परवाना. तो असलेल्याच्या जोडीदाराला इथे येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही. आम्हाला ती मोठी सवलत वाटली होती. पुण्यात जर्मन शिकवणारी रानडे इन्स्टिट्यूट होती, मॅक्सम्युलर भवन होतं, हाताशी सहा महिने होते, आणि आम्ही ते निरोपाच्या जेवणावळींत घालवले. इथे आल्यावर पंधरा वर्षं अकाउंट्स सांभाळलेला माणूस मुलाच्या डॉक्टरची वेळ घ्यायला फोन उचलेना. पलीकडून काय विचारतील याची त्याला धास्ती वाटायची. मी मीटिंगमधून बाहेर येऊन त्याच्यासाठी फोन करायची, तोही इंग्रजीतच. त्या हिवाळ्यात आमच्या घरात फार कमी बोलणं झालं.

यातून त्याला बाहेर काढलं ते भाषेच्या वर्गाने. 2005 च्या स्थलांतर कायद्याने इथे नव्याने आलेल्यांसाठी अभ्यासक्रम सुरू झाले. 600 तास भाषा आणि त्यापुढे 100 तास देशाचा कायदा, इतिहास, रीतिभाती. कुटुंबासोबत आलेल्या जोडीदाराला त्यात बसण्याचा हक्क असतो आणि खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. नवऱ्याच्या वर्गात सीरियन डॉक्टर होता, थायलंडची सून होती, तुर्की आजी होती. त्या आजी चाळीसहून जास्त वर्षं इथे राहिल्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसल्या होत्या.

दादा, त्या आजींची गोष्ट तुझ्या वादात यायला हवी. जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. ते "पाहुणे" आहेत, आज ना उद्या परत जातील, असं धरून चालल्यामुळे त्यांना भाषा शिकवण्याची तसदी कित्येक दशकं कुणी घेतली नाही. आणि नंतर त्यांनाच विचारलं गेलं की तुम्हाला अजून जर्मन कसं येत नाही? उत्तर प्रदेशातून आलेल्या टॅक्सीवाल्याला आपण आज हेच विचारतो आहोत. जर्मनीने ही चूक केली, तिची किंमत मोजली आणि मग वर्ग उघडले. आपण उदाहरण घेतो ते फक्त सक्तीचं.

आणखी एक गोष्ट सोडून चालणार नाही. मी इथे व्हिसावर आहे, परकी आहे. बिहारचा सुतार पुण्यात परका नाही. देशात कुठेही राहायचा हक्क त्याला राज्यघटनेने दिला आहे. माझ्यावर जर्मनी अटी घालू शकते, तशा त्याच्यावर आपण घालू शकत नाही. त्याला मराठी यावं असं वाटत असेल, तर आपल्याला ती त्याच्यापर्यंत न्यावी लागेल. इतक्या वर्षांत बेकरीत जर्मन शब्दाला चुकीचं लिंग लावून पाव मागितला म्हणून माझ्यावर कुणी हात उगारला नाही. उगारला असता तर मी मुलांना घेऊन परत आले असते, जर्मन शिकले नसते.

मुलांच्या बाबतीत महाराष्ट्राने पाऊल उचललं आहे. 2020 च्या कायद्याने पहिली ते दहावी सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, आणि मला ते योग्य वाटतं. तिशीत आलेल्या माणसाचं काय? मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अमराठी प्रौढांसाठी "मायमराठी" नावाचा अभ्यासक्रम तयार केला. परकी भाषा कशी शिकवायची हे जाणणाऱ्यांनी तो केला, हे मला फार मोलाचं वाटतं. पण तो रात्रपाळीच्या वॉचमनपर्यंत कोण नेणार? 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने मी राहते त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आपल्या मुलांना इथे नोकरी मिळावी म्हणून सरकारी खर्चाने जर्मन शिकवायचं ठरलं. चांगलंच आहे. तेवढीच तयारी मराठी शिकवण्याची का नाही?

भाच्यासाठी एक शेवटचं, आणि हे मी सगळ्यांत गंभीरपणे सांगते. इथे मुलांची वाट दहाव्या वर्षी, चौथीनंतर वेगळी होते. कुणी थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जातं, कुणी दुसरीकडे. आमची मुलगी नऊ वर्षांची असताना आली. भाषेच्या तयारी वर्गात तिने जीव तोडून अभ्यास केला, पण वर्ष पुरलं नाही. ती दुसऱ्या प्रकारच्या शाळेत गेली. तिथूनही पुढे रस्ता आहे आणि ती तो धरेल, पण गणितात पहिली येणारी पोर केवळ भाषेपायी मागे राहिलेली पाहणं सोपं नव्हतं. धाकटा तीन वर्षांचा होता. पाळणाघरात जागा मिळायला आठ महिने लागले, कायद्याने हक्क असूनही. पण एकदा गेला आणि सहा महिन्यांत वाळूत खेळता खेळता बोलू लागला. तुझी थोरली आठ वर्षांची आहे. वर्षभराने येण्यापेक्षा आत्ता ये. कंपनीकडे स्थलांतराच्या खर्चाबरोबर बायकोच्या भाषेच्या वर्गाची फी माग, आणि तिला वर्गात आजच घाल. आणि घरात मराठीच बोला. रविवारी इथली मंडळी मुलांना बाराखडी शिकवतात, तिथे तुमचीही दोन येतील.

दादा, आपल्या सोसायटीचा तू सेक्रेटरी आहेस. वॉचमन, सुतार, घरकामाच्या बायका, वरच्या मजल्यांवरची तमिळ आणि बंगाली कुटुंबं, सगळी तुझ्या ओळखीची आहेत. क्लबहाउस दुपारी दोन ते पाच रिकामं असतं. तिथे आठवड्यातून तीन दिवस मराठीचा वर्ग सुरू करावा, असं पत्र मी सभासद म्हणून पाठवलं आहे. शिक्षिकेचं पहिल्या वर्षाचं मानधन आमच्या फ्लॅटच्या भाड्यातून देईन. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत हा विषय घे.