सहा कळ्यांचे काडतूस

माझे काडतूस नारळासारखे कानाशी धरून हलवून पाहण्याचा अधिकार आमच्या नेमबाजी क्लबातल्या त्या म्हातारबुवांना कोणी दिला होता, हा प्रश्न गेले आठ दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. नारळ हलवून पाहणे मी समजू शकतो. मंडईत ते सगळेच करतात. पण इतर चार जण बंदुका उघड्या करून ताटकळत उभे असताना, एखाद्याने रात्री जागून भरलेले काडतूस हलवायचे, डोळे मिटून त्याचा आवाज ऐकायचा आणि मग नुसते "हं" म्हणायचे, याला माझ्या मते अपमानच म्हणतात. त्यातून या गृहस्थांच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रे आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती फारशी गौरवास्पद नाही. आम्ही ओहायोत राहतो, आणि दोन वर्षांपूर्वी कचेरीतल्या एका सहकाऱ्याने मला ट्रॅप नावाच्या खेळाची चटक लावली. पाच जण ओळीने उभे राहतात, समोरच्या बुटक्या खोलीतून 11 सेंटिमीटरची नारिंगी थाळी भिरभिरत सुटते, आणि बाराबोअरने ती हवेतच फोडायची असते. थाळीला मातीची म्हणतात, पण ती असते डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची. तिला पक्षी म्हणतात, कारण पूर्वी तिच्या जागी खरी कबुतरे सोडत असत. पाच जागांवरून पाच-पाच बार काढले की 25 ची फेरी संपते आणि 25 काडतुसांचा डबाही संपतो. आमच्या गावात हा डबा 11 डॉलरला मिळतो.

"घरी भरलीस तर स्वस्त पडतं," सहकारी म्हणाला. या शब्दांनी ज्याचे कान टवकारत नाहीत, तो मराठी मध्यमवर्गात जन्मलेलाच नाही. मी त्याच रात्री हिशेब मांडला. रिकामी नळकांडी क्लबच्या पिंपात फुकट मिळत होती. छऱ्यांच्या 25 पौंडांच्या पिशवीत एक-एक औंसाची 400 काडतुसे होत होती. प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टिकली), दारू आणि छर्रे ज्यात बसतात ती प्लास्टिकची वाटी धरून डब्यामागे 2 डॉलर 70 सेंट वाचत होते. जुने यंत्र, तराजू आणि पुस्तक यांना मिळून 189 डॉलर पडले, म्हणजे 70 डबे भरून झाले की तिथून पुढे निव्वळ नफा. आईला फोनवर सांगितले, "गॅरेजमध्ये दारू भरतोय," तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने हळू आवाजात सूनबाईला फोन द्यायला सांगितले.

या कामातले माप हा एक स्वतंत्र छळ आहे. बंदुकीला बाराबोअर म्हणतात, कारण तिच्या नळीत नेमके बसतील असे शिशाचे 12 गोळे केले तर त्यांचे वजन एक पौंड भरते. छर्रे जितक्या मोठ्या नंबरचे, तितके बारीक: 17 मधून नंबर वजा करायचा, म्हणजे व्यास इंचाच्या शंभराव्या भागात मिळतो. डब्यावर दारूचे माप ड्रॅम या जुन्या वजनात छापलेले असते. मात्र आत तेवढी दारू मुळीच नसते, जुन्या काळ्या दारूचे तेवढे ड्रॅम घातले असते तर छर्रे ज्या वेगाने गेले असते त्या वेगाचा तो निर्देश असतो. आणि प्रत्यक्षात दारू मोजायची ती ग्रेनमध्ये, म्हणजे पौंडाच्या सात हजाराव्या भागात. आमच्या सोनाराचा तोळाही 180 ग्रेनचाच होता, आणि त्याच तोळ्याच्या 96 गुंजा होत असत, हे आठवल्यावर मला उगाच घरच्यासारखे वाटले. पण सोनार चुकला तर नथ हलकी होते. इथे पुस्तकाने सांगितलेले नळकांडे, सांगितलेला प्रायमर, सांगितलेली दारू आणि सांगितलीच वाटी घ्यावी लागते. "अंदाजाने" आणि "चवीप्रमाणे" या ज्या दोन शब्दांवर आपली अख्खी स्वयंपाकविद्या उभी आहे, ते इथे उच्चारायचेसुद्धा नाहीत.

मी ते उच्चारले नाहीत, हे इथे मुद्दाम नोंदवतो. दारूचे माप मी पुनःपुन्हा तपासले. एका काडतुसासाठी पाच वेळा यंत्राचा दांडा ओढावा लागतो, त्याप्रमाणे मी तीन रात्रींत तो एक हजार वेळा ओढून 200 काडतुसे भरली. शेवटच्या दोन ओढींत काडतुसाचे तोंड मोदकासारखे कळ्या पाडून मिटवले जाते. माझी तोंडे नीट मिटत नव्हती, मध्ये डाळीएवढे भोक राहत होते. हात बसला की जमेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मोदकाच्या बाबतीत दरवर्षी हेच म्हणतो.

तर गेल्या रविवारी, तिसऱ्या जागेवर, मी खांद्याला बंदूक लावून "पुल" म्हणालो, थाळी सुटली, मी चाप ओढला, आणि धडाम् व्हायच्या ऐवजी कोणी तरी उशीवर बसल्यासारखा आवाज आला. वाटी पाच-सात पावलांवर टपकन पडली. थाळी सुखरूप उतरली. माझ्या तोंडून "अगं आई गं" निघाले. आमच्याकडे थाळी आवाजावर सुटते, आणि त्या मायक्रोफोनला मराठी आणि इंग्रजी यांत काही फरक वाटत नसल्यामुळे आणखी एक थाळी दिमाखात उडून गेली.

"थांबा!" मागच्या बाकावरून गर्जना झाली, आणि म्हातारबुवा उठले. इंग्रजीत "यू" एकच असते, पण त्यांचे "यू" हे "तुम्ही" नसून "तू" होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"बंदूक उघड. नळीतून बघ."

मी बघितले. आकाश दिसत होते, आणि भिंतींना न जळलेल्या दारूचे कण चिकटले होते.

"वाटी आत अडकली असती आणि तू वर दुसरा बार काढला असतास, तर ती नळी केळ्यासारखी सोलली गेली असती," ते म्हणाले. हे खरे होते, आणि म्हणूनच ते मला जास्त लागले. "घरी भरलंस?"

"हो."

"दारू मोजलीस?"

"तराजूवर."

"छर्रे कोणते?"

"आठ नंबर."

"मग ते जमिनीवर का आहेत?"

मी मागे पाहिले. गाडीतळापासून माझ्या पायांपर्यंत सिमेंटच्या वाटेवर छऱ्यांची बारीक रेघ आली होती, जणू फोडणीला निघालेल्या कोणाच्या तरी हातातली मोहरीची पुडी फाटली होती. कमरेच्या पिशवीत हात घातला तर तिथेही मोहरीच. यानंतर म्हातारबुवांनी कान झाकणारी बोंडे काढून ठेवली, श्रवणयंत्राचा आवाज वाढवला, आणि माझ्या पिशवीतून एक काडतूस उचलून तो नारळाचा कार्यक्रम केला.

"हं," ते म्हणाले. मग त्यांनी काडतुसाचे तोंड उन्हाकडे धरले. "या नळकांड्याला कारखान्यातल्या आठ घड्या आहेत. तुझ्या यंत्राला घड्या पाडणारी टोपी सहाची आहे. एकदा आठात दुमडलेलं प्लास्टिक सहात दुमडत नाही. तोंड घट्ट मिटलं नाही तर दारूला दाब मिळत नाही, आणि दाब नसेल तर ती धड जळत नाही."

इथे थांबले असते तर मी त्यांचे आभारही मानले असते. पण यानंतर ते मला व्हँडेलियाची गोष्ट सांगू लागले. ट्रॅपची सर्वांत मोठी स्पर्धा 1924 पासून 2005 पर्यंत आमच्याच राज्यात, व्हँडेलियाला होत असे. 2006 मध्ये ती इलिनॉयमधल्या स्पार्टाला गेली, आणि आमच्या क्लबातली म्हातारी मंडळी तिच्याबद्दल अजून लेक परदेशी दिल्यासारखी बोलतात. व्हँडेलियात तासन्‌तास काडतुसांचे बार होत, आणि तिथे त्यांनी असा फुसक्या बाराचा "ब्लूप" ऐकल्याचे त्यांना आठवत नव्हते. ते हे सांगत असताना ते चार जण उभे होते. एकाने घड्याळ पाहिले. दुसऱ्याने, मदत म्हणून, मला आपल्याकडची दुकानातली 25 काडतुसे देऊ केली, आणि ती मी 11 डॉलर देऊन घेतली.

"अशी किती भरलीस?" म्हातारबुवांनी शेवटी विचारले.

"दोनशे."

"सगळी कापून काढ."

ब्लेडने काडतूस कापायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात दोन भरून होतात. छर्रे वेगळे, वाट्या वेगळ्या, दारू वेगळी. प्रायमर आतच जिवंत राहतो, त्याला धक्का लावायचा नाही. शिसे घरात आणायचे नाही अशी घरातली आज्ञा असल्यामुळे मी हे गॅरेजमध्ये, थंडीत, चार संध्याकाळी केले. पत्नी रत्नागिरीची आहे. तिने दारात उभे राहून एक कापलेले नळकांडे लांबूनच पाहिले आणि म्हणाली, "पारीला एकदा कळी पडली की ती दुसरीकडे पडत नाही, हे सांगायला तुम्हाला अमेरिकन म्हातारा लागला का?" ती एकवीस कळ्यांचा मोदक डोळे मिटून करते, त्यामुळे मी गप्प बसलो. कापून मिळालेले छर्रे मात्र मी मोजले. 200 औंस भरायला हवे होते, ते 188 भरले. उरलेले, उडवलेल्या बारांतले सोडले तर, क्लबच्या वाटेवर आहेत.

त्या दिवशी निघताना म्हातारबुवा माझ्या गाडीपाशी आले होते आणि तपकिरीच्या जुन्या डबीतून त्यांनी आठ घड्यांची टोपी काढून माझ्या हातावर ठेवली होती. मला खरोखर भरून आले. "दहा डॉलर," ते म्हणाले. मी दिले. तीच टोपी नवी कोरी आठ डॉलरला मिळते, हे मला काल कळले. 70 डब्यांचा हिशेब आता 74 डब्यांवर गेला आहे, आणि त्यात मी ती विकत घेतलेली 25 काडतुसे धरलेली नाहीत.