गुरूवरचा तांबडा डाग हे वादळ आहे. ज्वालामुखी आहेत ते आयोवर

ठाण्यातील गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. गुरूवरचा तांबडा डाग हा सूर्यमालेतील सर्वांत मोठा ज्वालामुखी असून त्याच्याच धगीने गुरूचा आयो हा उपग्रह तापतो, आणि सूर्यापासून इतक्या दूरच्या गोठलेल्या उपग्रहांवरील उद्रेकांची छायाचित्रे बनावट असतात, असे त्यात म्हटले आहे. शाळकरी मुलेही तो खरा मानून पुढे पाठवत आहेत, म्हणून हे उत्तर.

पहिले विधान लगेच निकालात निघते. ज्वालामुखी फुटायला घन कवच लागते आणि मुख्यतः हायड्रोजन व हेलियमच्या बनलेल्या गुरूला ते नाहीच. तांबडा डाग हे पृथ्वीहूनही रुंद असे प्रतिचक्रीवादळ, म्हणजे उच्च दाबाभोवती फिरणारे वादळ आहे. ते जागा बदलते आणि गेल्या शंभराहून अधिक वर्षांत बरेच आकसले आहे.

दुसऱ्या विधानात खरी गफलत आहे. गुरूच्या धगीने आयो तापत असता, तर त्याचा सगळा पृष्ठभाग ऊबदार असता. प्रत्यक्षात उद्रेकाच्या जागा सोडल्या तर तेथे सुमारे उणे १३० अंश सेल्सिअस तापमान असते. उष्णता आतून येते. ठाण्याच्या खाडीला भरती-ओहोटी आणणारी गुरुत्वाकर्षणाची ओढ आयोवर खडकालाच लागू पडते आणि तेथील घन जमीन सुमारे १०० मीटरपर्यंत वर-खाली होते. तरीही नुसती जवळीक पुरत नाही. कक्षा अगदी वर्तुळाकार असती, तर हा फुगवटा जागच्या जागी राहिला असता आणि घर्षण थांबले असते. परंतु आयोच्या चार प्रदक्षिणांत गुरूच्याच युरोपा या उपग्रहाच्या दोन आणि गॅनिमीड या उपग्रहाची एक पूर्ण होत असल्याने त्यांची ओढ ठरावीक अंतराने बसत राहते आणि आयोची कक्षा किंचित लांबट राहते. त्यामुळे साडेबेचाळीस तासांच्या प्रत्येक फेरीत गुरूपासूनचे अंतर कमी-जास्त होते, खडक सतत ताणला-दाबला जातो, आतून वितळतो आणि सुमारे ४०० सक्रिय ज्वालामुखींतून बाहेर पडतो. निव्वळ गणिताच्या बळावर शास्त्रज्ञ स्टॅन्टन पील आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे भाकीत मार्च १९७९च्या आरंभी प्रसिद्ध केले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

बनावटपणाच्या आरोपाला उत्तरही त्याच महिन्यात मिळाले. गुरूजवळून गेलेल्या व्हॉयेजर १ या अंतराळयानाची दिशा ताऱ्यांवरून तपासण्यासाठी घेतलेले छायाचित्र अभियंता लिंडा मोराबितो न्याहाळत होत्या. आयोच्या कडेवर त्यांना छत्रीसारखा एक फिकट ढग दिसला. तो ज्वालामुखीचा फवारा निघाला. आज पृथ्वीवरील मोठ्या दुर्बिणीही अवरक्त किरणांत आयोवरचे उष्ण डाग टिपतात. येऊरच्या डोंगरावरून लहान दुर्बिणीतून आयो केवळ ठिपका दिसतो, तो उद्रेक नाहीत म्हणून नव्हे, अंतर प्रचंड आहे म्हणून.

शनीचा एन्सेलाडस हा गोठलेला उपग्रह तर जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा. त्याच्या दक्षिण ध्रुवावरील भेगांतून लाव्हा नव्हे, पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उसळतात. शनीभोवती फिरलेले कॅसिनी यान या फवाऱ्यांची छायाचित्रे घेऊन थांबले नाही. ते त्यांच्यामधून उडत गेले आणि त्याच्या उपकरणांनी त्या कणांतले क्षार ओळखले.