डिझेलचा हात फिरवून जुनी कॅरॅव्हॅन वाचत नाही

महिन्याभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. ‘जुनी कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) पाचशे रुपयांत नवी’ असा. कपडे धुवायच्या पावडरीने धुवा, पाण्याच्या प्रेशरने सांध्यांतला मळ काढा, डिझेल-खोबरेल तेलाचा हात फिरवा, गळतं तिथे बाथरूमचं सिलिकॉन भरा आणि वरून ताडपत्री आवळा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण नागपूरच्या उन्हापावसात हे केलं, तर बरी गाडीही हातची जाईल.

आधी डिझेल, कारण लोक भुलतात ते त्यालाच. फायबरच्या भागावर बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते ना? उन्हातल्या अतिनील किरणांनी जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत लेपाचा, वरचा थर कुजून खडूसारखा झालेला असतो. तेल त्या बारीक खळग्यांत भरतं, म्हणून चकाकी येते. थर मात्र तसाच कुजका राहतो. शिवाय तेलकट अंगावर संध्याकाळपर्यंत धूळ बसते. कोराडी-खापरखेड्याकडे राहणाऱ्यांच्या गाडीवर औष्णिक वीजकेंद्रांची राखही असते, आणि तिचे कण कठीण असतात. दुसऱ्या दिवशी कोरडं फडकं मारणं म्हणजे सँडपेपर घासणंच. डिझेलने खिडक्यांची रबरंही फुगून सैल होतात. भुकटी सुटत असेल तर रबिंग कंपाउंडने तो थर काढायचा, मग पॉलिश, मग वॅक्स. आधी चाकामागच्या, नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहा. रंगवलेल्या पत्र्यावर फार जोर लावू नका, जुना रंग पातळ झालेला असतो.

पावडरीबद्दल एवढंच, की ती क्षारीय असते. वॅक्स उतरवते आणि उघडं अॅल्युमिनियम काळपट करते. गाडी धुवायचा शाम्पू घ्या. भांड्यांचा लिक्विड साबण पॉलिशच्या आधी एकदा वापरला तर चालतो, कारण तेव्हा जुनं वॅक्स काढायचंच असतं.

पाण्याचं मेसेजमध्ये नावही नाही. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. उन्हात धुतलं की थेंब जागीच सुकून पांढरे डाग सोडतो. आरओचं वाया जाणारं पाणी वापरणारे बरेच आहेत, पण त्यात क्षार आणखी जास्त असतात. पेंच धरणाचं नळाचं पाणी मिळत असेल तर शेवटचा हात त्याचाच द्या. धुणं सकाळी, सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना करा, आणि लगेच पुसून घ्या. अॅक्रिलिकच्या खिडक्यांना थिनर किंवा स्पिरिट मुळीच लावू नका, जाळीसारख्या चिरा पडतात.

आता प्रेशर आणि सिलिकॉन. माझा खरा विरोध इथे आहे. जुन्या कॅरॅव्हॅनच्या भिंतीत पत्र्याच्या आत लाकडी पट्ट्या किंवा प्लायवूड असतं. सांध्यावर प्रेशरची धार मारली की पाणी आत जातं, आणि बाहेरून काही दिसायच्या आत लाकूड सडायला लागतं. मी विकत घेतलेल्या गाडीचा मागचा कोपरा बोटाने दाबला तर मऊ लागला. बाहेरून ती चकचकीत होती.

नवतपात, म्हणजे मे-अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, छप्पर ६५ अंशांवर आणि पहिल्या पावसात २५ वर आलं, तर ५ मीटर लांब अॅल्युमिनियमचा पत्रा साधारण साडेचार मिलिमीटर आखडतो. ही हालचाल सोसेल असाच मसाला सांध्यात हवा. बाथरूमचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि धातूला गंज लावतं. त्याचा अंश राहिला तर पुढे दुसरं कोणतंच सीलंट नीट धरत नाही. सांध्यावरची पट्टी उघडा, जुना मसाला प्लॅस्टिकच्या पातीने खरवडा, जागा कोरडी करा आणि ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी फीत) लावून पट्टी परत कसा. वेळ जातो, पण एप्रिल-मे त्यासाठीच आहेत.

ताडपत्रीखाली पावसाळ्यात ओल कोंडते, आणि वाऱ्याने ती फडफडली की रंग घासला जातो. हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या, नाहीतर वर शेड टाका. तीही नसेल तर उघडीच ठेवा, पण पुढचा भाग थोडा उचलून, म्हणजे छपरावर पाणी साचणार नाही. कडुनिंबाखाली मात्र लावू नका. पक्ष्यांची विष्ठा उन्हात लवकर रंग खाते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर आतली कपाटं रिकामी करा आणि कोपरे बोटाने दाबून पाहा. कुठे मऊ लागलं, तर त्या वर्षी पॉलिशचे पैसे सांध्यांवर घाला.