मसणवटीत फुल रेंज

आमच्या घरी फाईव्ह जी आहे. म्हणजे मोबाईलच्या कोपऱ्यात तसं लिहून येतं, बाकी काही येत नाही. लांबचा नातेवाईक कसा अंगणातूनच "घाईत आहे हां, परत येतो" म्हणतो आणि चहाला काही आत येत नाही, तसं ते सोप्यापर्यंत येतं आणि तिथूनच मागे फिरतं.

घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, आजोबांनी बांधलेलं, दीड फुटी चिऱ्याच्या भिंती. आजोबांनी चोर, वाघ, पाऊस सगळ्यांचा विचार केला, 3300 मेगाहर्ट्झचा तेवढा राहून गेला. भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो, त्याने एकदा सगळ्यांना बसवून समजावलं, "मामा, जुनं टू जी 900 वर चालायचं, लहर लांब, कुठेही घुसायची, लांब पोचायची, फाईव्ह जीचा मेन बँड 3300 चा, डेटा पोत्याने वाहतो पण भिंत दिसली, झाड दिसलं की दम सोडतो." आई आतून म्हणाली, "मग ते जुनं काय वाईट होतं?" भाचा तिसऱ्या वर्षाला आहे, हा प्रश्न बहुतेक चौथ्या वर्षाला असेल.

तसं बघितलं तर आमचं आणि रेंजचं कधी जमलंच नाही. 31 जुलै 1995 ला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखरामांना देशातला पहिला मोबाईल कॉल लावला तेव्हा आमच्या वाडीवर धड लँडलाइन नव्हती. पुढे टू जी आलं ते माळ्याच्या खिडकीत, तिथे बाबांनी सुतळीने मोबाईल टांगून ठेवलेला, वाजला की सगळं घर शिडीकडे धावायचं. थ्री जी विहिरीच्या कठड्यावर. फोर जी 2016 नंतर फणसाखाली, तिथे कोणी तरी चार चिरे टाकून बैठकच केली. प्रत्येक नवीन जी आला की आमची जागा घरापासून पन्नासेक पावलं पुढे सरकते, सिक्स जीला बहुतेक घाट चढून बेळगावला जावं लागेल.

फणसाखालच्या त्या चिऱ्यांनी मात्र वाडीची पार इज्जत घालवली. कारण रेंज तिथेच आणि तीसुद्धा स्पीकरवर बोललं तरच नीट, त्यामुळे कोणाचं लग्न का मोडलं, कोणाचा हप्ता थकला, कोणाची सून सासूला काय म्हणते हे सगळं सगळ्यांना डॉल्बीमध्ये. त्यात चवथीला मुंबई-पुण्याचे सगळे घरी आले की एकाच टॉवरवर दहापट फोन लटकतात, गणपतीवर टांगलेल्या माटोळीचा फोटोसुद्धा विसर्जनाच्या दिवशी पोचतो.

मग टॉवर घाला म्हणून ग्रामसभा. तिथे जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. टॉवर पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत, पण शेजाऱ्याच्या कुळागरात. एकजण उठून म्हणाला रेडिएशनने माड मरतात, आणि हे त्याला कुठे कळलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर. दुसरा म्हणाला टॉवर नको पण रेंज वाढवा. पंचाने हे चक्क प्रोसिडिंगमध्ये लिहून घेतलं. शेवटी टॉवर पलीकडच्या गावाच्या डोंगरावर उभा राहिला, आणि त्याची सरळ नजर आमच्या गावात एकाच जागी पडते.

ती जागा कळली पण कशी बघा. गेल्या वर्षी वाडीतल्या एका म्हाताऱ्याला पोचवायला गेलो होतो. सगळे मान खाली घालून उभे, अग्नी दिला, आणि टुंग. मग परत टुंग. मग पंचवीस-तीस खिशांतून एकदम टुंग टुंग टुंग टुंग, दोन दिवसांचे गुड मॉर्निंग, गॅसचे ओटीपी, आणि "भाऊ, म्हाताऱ्याचं कळलं का?" असा मलाच आलेला कालचा मेसेज. भाच्याने तिथेच, हळूच, पाठ फिरवून स्पीड टेस्ट मारली. चारशेच्या वर! तो "आयला" म्हणाला ते सगळ्यांनी ऐकलं, लोकांना वाटलं पोराचं म्हाताऱ्यावर फार प्रेम.

तेव्हापासून माझं ऑफिस मसणवटीत. हसू नका. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करतो, रोज साडेअकराला क्लायंटचा व्हिडीओ कॉल, घरातून लावला की मी कायम तोंड उघडं ठेवून गोठलेला दिसायचो. आता शेडच्या बाजूच्या कठड्यावर लॅपटॉप, मोबाईलचा हॉटस्पॉट, डोक्यावर पत्रा, आणि मागे काय आहे ते दिसू नये म्हणून बॅकग्राउंडला समुद्राचा फोटो. क्लायंट रोज म्हणतो, लकी यू. समुद्र आमच्याकडून दीड तास. पण गोवा म्हटलं की लोकांना किनाराच दिसतो, त्यांना काय सांगायचं की बाबा मी जिथे बसलोय तिथे लोक एकदाच येतात.

गावाला पण सवय व्हायला वेळ लागला. माझी स्कूटर तिथे दिसली की येणारा-जाणारा थांबून डोक्यावरची टोपी काढायचा, "कोण गेलो रे?" मी कानातलं काढून "कोणी नाही, मीटिंग" म्हणायचो. आता हळूहळू बाकीचे पण येतात. मासेवालीसुद्धा वाडीत यायची बंद झाली, ती स्कूटर मसणवटीच्या वळणावर लावते कारण वाडीत पेमेंट फिरत बसतं आणि इथे तिचा डबा लगेच "दोनसौ रुपये प्राप्त हुए" म्हणून ओरडतो. आईला हे अजून पचत नाही, "तिकडचे बांगडे माझ्या घरात नको." मी तिला सांगितलं आहे की ती वाळपईच्या बाजारातच बसते.

आणि मग गेल्या महिन्यात जे व्हायचं होतं तेच झालं. क्लायंटला डेमो, बारा लोक कॉलवर, मी स्क्रीन शेअर करून अगदी रंगात, तेवढ्यात वळणावरून माणसं येताना दिसली. पुढे मडकं. मी म्यूट केलं आणि उठून हात जोडून उभा राहिलो, म्हणजे कॅमेऱ्यात बारा जणांना समुद्राच्या मधोमध माझं नुसतं पोट दिसत होतं. क्लायंटने चॅटवर लिहिलं, योगा?

गेलेल्या काकींचा मुलगा इंग्लंडला असतो, त्याला तिकीट मिळालं नव्हतं, त्याला शेवटचं दाखवायचं म्हणून त्याच्या चुलतभावाने व्हिडीओ कॉल लावला तर नेमका त्याचाच डेटा संपलेला. तो माझ्याकडे आला, डोळे लाल, म्हणाला, "भाऊ, तुमचा हॉटस्पॉट द्या ना जरा." आता नाही कोण म्हणणार. मी डेमो तसाच टाकला, हॉटस्पॉट मोकळा केला.

"पासवर्ड?"

सांगायचं राहिलं, आमच्या फणसाखाली जो तो माझ्या डेटावर मॅच बघायचा म्हणून मी वैतागून एक पासवर्ड ठेवला होता. मी त्याचा मोबाईल हातात घेऊन स्वतः टाईप करायला गेलो, पण माझा चष्मा लॅपटॉपपाशी, दोनदा चुकला. मागे सगळे थांबलेले. भटजींनी घड्याळ बघितलं. मोठा भाऊ म्हणाला, "अरे मोठ्याने सांग, तो टाकेल."

"फुकट्या," मी म्हटलं. "पुढे एक दोन तीन."

कोणी काही बोललं नाही. कॉल लागला, मुलाने आईला बघितलं, चित्र एकदाही अडकलं नाही. जाताना भटजी माझ्या बाजूला आले, मला वाटलं आता ऐकवणार, तर त्यांनी आपला मोबाईल पुढे केला आणि हळूच विचारलं, "त्यातला एफ कॅपिटल काय रे?"