‘एकही नाव काढू नका’ या संदेशाला उत्तर

गेले दोन महिने एक लांबलचक संदेश गोव्यातल्या लहान व्यावसायिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. ‘ईमेल यादीतले एकही नाव काढू नका’ असा त्याचा मथळा आहे. यादी ही मालमत्ता आहे, मेल पाठवायला पैसे पडत नाहीत, मेल उघडल्याचे आकडे खोटे असतात, जे उघडत नाहीत त्यांनाच अधिक वेळा पाठवावे आणि ‘अनसबस्क्राइब’ची, म्हणजे यादीतून बाहेर पडण्याची, ओळ सहज दिसणार नाही अशी ठेवावी, असे पाच उपदेश त्यात आहेत. लिहिणाऱ्याचे नाव अर्थातच नाही. एरवी मी तो वाचून सोडून दिला असता. परंतु गणेशाची चवथ सरल्यावर तो माझ्या थोरल्या वहिनींपर्यंत पोचला आणि त्यांनी तो आधी अमलात आणला व मग मला फोन केला.

वहिनींचे फोंडा तालुक्यात कुळागर, म्हणजे बागायत, आहे. सुपारी, मिरी, जायफळ, दालचिनी दाखवत पर्यटकांना फिरवायचे, केळीच्या पानावर जेवण घालायचे आणि निघताना मसाल्याची पाकिटे विकायची, असा त्यांचा व्यवसाय. दाराशी अभिप्रायाची वही असते आणि तिच्या शेवटच्या रकान्यात पाहुणे आपला ईमेल पत्ता लिहितात. अकरा वर्षांच्या वह्यांमधून पुतण्याने टंकून काढलेले 11,400 पत्ते वहिनींकडे होते. मी त्या वह्या पाहिल्या आहेत. पावसाळ्यात शाई पसरलेली, कुठे हळदीचा डाग, इंग्रजी ‘एल’ आहे की एकचा आकडा ते लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही, आणि ‘जीमेल’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी असलेले पत्ते तर पानोपानी. या साऱ्यांना वहिनींनी एका शनिवारी रात्री ‘सीझन सुरू होतोय’ असा मेल धाडला. सकाळपर्यंत ‘असा पत्ता अस्तित्वात नाही’ या अर्थाची शेकडो उत्तरे परत आली. मंगळवारी वहिनींचा फोन आला, “भावजी, पुण्याच्या चाळीस जणांच्या गटाला काल दुपारीच दर कळवले होते, ते म्हणतात उत्तरच आले नाही.” उत्तर गेले होते, पण त्यांच्या स्पॅममध्ये, म्हणजे नको असलेल्या मेलच्या कप्प्यात, पडले होते. प्रचाराचा मेल आणि बुकिंगची उत्तरे एकाच डोमेनवरून (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून) जात असल्यामुळे शनिवारी रात्री मिळवलेली बदनामी सोमवारच्या धंद्यालाही चिकटली.

म्हणून संदेशातला चौथा मुद्दा आधी घेतो, कारण घात त्यानेच केला. न उघडणाऱ्यांना आठवड्यातून तीनदा पाठवत राहिले की गूगलला आपली ‘ओळख’ पटते आणि यादी मोठी असली की तक्रारींचे प्रमाण आपोआप कमी भरते, असे त्यात ठासून लिहिले आहे. ओळख पटते हे खरे, पण ती उपद्रवी म्हणून. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी 2024 पासून लागू केलेले नियम कुणालाही उघडून वाचता येतात. दिवसाला साधारण 5,000 किंवा त्याहून अधिक मेल वैयक्तिक जीमेल खात्यांवर पाठवणारा हा मोठा प्रेषक समजला जातो, आणि एकदा तो शिक्का बसला की त्याला मुदत नाही. म्हणजे वर्षभर महिन्याला दोनशे मेल पाठवणारी व्यक्तीही एका रात्रीच्या उत्साहाने कायमची त्या वर्गात जाऊन बसू शकते. अशा प्रेषकाच्या मेलवर ‘हे स्पॅम आहे’ असे कळवणाऱ्यांचे प्रमाण 0.3 टक्क्यांवर जाता कामा नये, आणि ते 0.1 टक्क्याच्या खाली राखावे, अशी गूगलची सूचना आहे.

आता हे प्रमाण काढतात कसे, ते संदेशकर्त्याने पाहिलेलेच नाही. भागाकारात खाली सगळे पाठवलेले मेल धरत नाहीत. जे मेल खाते वापरणाऱ्या माणसांच्या इनबॉक्समध्ये पोचले तेवढेच धरतात. बंद पडलेली खाती, परत आलेले मेल, थेट स्पॅममध्ये गेलेले मेल हे त्या हिशेबात नाहीतच. समजा 7,000 जीमेल पत्त्यांपैकी 2,000 मेल खरोखर वापरात असलेल्या इनबॉक्समध्ये पोचले, तर अवघ्या सहा जणांनी बटण दाबले की 0.3 टक्के पूर्ण. उरलेले पाच हजार निर्जीव पत्ते त्या सहांना पातळ करत नाहीत. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी भाताबरोबर सोलकढी प्यायलेल्या आणि कुळागराचे नावही विसरलेल्या माणसाला आठवड्यातून तीन मेल आले, तर तो दुसरे काय करील?

शिवाय जुना पत्ता नुसता निरुपयोगी नसतो, तो धोक्याचाही असू शकतो. काही ईमेल सेवा सोडून दिलेले पत्ते बराच काळ बंद ठेवतात आणि पुढे त्यांचाच सापळा म्हणून वापर करतात. तिथे मेल आला की पाठवणाऱ्याने आपली यादी वर्षानुवर्षे तपासलेली नाही, हे उघड होते. चुकीच्या स्पेलिंगची डोमेनेही अशा सापळ्यांसाठी घेऊन ठेवलेली असतात, आणि वहिनींच्या वह्या त्या दृष्टीने खाणच होत्या. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगलने डिसेंबर 2023 पासून पुसायला घेतली, त्यामुळे त्याआधीच्या यादीतले किती पत्ते आज जिवंत असतील याचा विचार प्रत्येकाने करावा.

मेल फुकट जातो, या मुद्द्यावर वेळ घालवण्याची गरज नाही. मेल पाठवून देणाऱ्या बहुतेक सेवा यादीतल्या नावांच्या संख्येवर पैसे घेतात. मेलचिंपसारखी सेवा तर अनसबस्क्राइब झालेली नावेही, ती तुम्ही संग्रहात (आर्काइव्हमध्ये) हलवेपर्यंत, हिशेबात धरते. ‘यादी ही मालमत्ता’ हे वाक्य मात्र ऐकायला छान आहे. सडक्या सुपारीचे पोते कोठारात ठेवून ती मालमत्ता म्हणणारा बागायतदार मी अजून पाहिलेला नाही.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. मेल उघडल्याची नोंद त्यातल्या अदृश्य चित्रावरून होते, आणि सप्टेंबर 2021 मध्ये आयओएस 15 या आयफोनच्या प्रणालीबरोबर आलेल्या अ‍ॅपलच्या गोपनीयता सोयीमुळे ही चित्रे माणसाने मेल पाहण्याआधीच डाउनलोड होतात आणि न पाहिलेला मेलही उघडला म्हणून नोंदला जातो. उलट चित्रे बंद ठेवून मेल वाचणाऱ्याची नोंदच होत नाही. तेव्हा ‘उघडले’ हा आकडा एकटा विश्वासार्ह नाही. नव्वद दिवस मेल न उघडणाऱ्याला काढा, हा दुसऱ्या टोकाचा उपदेशही मला पटत नाही, निदान गोव्यात तरी. आमचा पाहुणा ऑक्टोबर ते मार्च या काळात येतो आणि जूनमध्ये त्याने आमच्या मेलकडे पाहिले नाही म्हणजे तो गेला, असे होत नाही. परंतु आकडा कच्चा आहे यावरून कुणालाच काढू नये असा निष्कर्ष निघत नाही; क्लिक, उत्तर, मसाल्याची मागणी, पुन्हा केलेले बुकिंग या नोंदी पक्क्या असतात आणि त्यांवरून ठरवता येते.

आम्ही तसेच ठरवले. परत आलेले पत्ते त्याच दिवशी बंद केले. पेटी भरल्यामुळे परत आलेले तेवढे थांबवून ठेवले. दोन सीझनमध्ये यांपैकी कोणतीच खूण न दिसलेल्यांना, त्यातही अलीकडच्या वह्यांमधल्यांना आधी, रोज दोनशे या बेताने एकच साधा मेल पाठवला: आमची पत्रे हवी असतील तर इथे दाबा, नाहीतर यापुढे येणार नाहीत. ज्यांनी दाबले नाही त्यांची नावे यादीतून काढली. अनसबस्क्राइब झालेले पत्ते मात्र पुसले नाहीत, तर ‘पाठवू नये’ अशा वेगळ्या यादीत ठेवले, नाहीतर पुतण्या पुढल्या वर्षी जुनी वही पुन्हा टंकतो आणि तीच माणसे पुन्हा आत येतात. 11,400 मधून 1,900 उरले.

राहिला पाचवा उपदेश, अनसबस्क्राइब लपवण्याचा. गूगलच्या त्याच नियमांनुसार मोठ्या प्रेषकाच्या प्रचाराच्या मेलमध्ये एका टिचकीत बाहेर पडण्याची सोय हवी आणि दोन दिवसांत ती मागणी पाळली गेली पाहिजे. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी, असे म्हटले आहे. ज्याला बाहेरचे दार सापडत नाही तो स्पॅमचे बटण शोधतो, आणि ते कुणी लपवू शकत नाही. मुळात वहीत पत्ता लिहिणे म्हणजे मेल पाठवायला संमती देणे नव्हे, म्हणून नव्या वहीत पत्त्याच्या रकान्यापुढे ‘पत्रे पाठवावीत’ असा एक चौकोन आखायला मी वहिनींना सांगितले. पहिल्या पानावरच्या बारा पाहुण्यांपैकी चौघांनीच त्यात खूण केली आहे, आणि उरलेल्या आठांचे पत्ते वाया गेले, हे वहिनींचे म्हणणे अजून कायम आहे.