लग्नाच्या जेवणावळींनी पुणे जिल्हा बुडाला म्हणे!

भाचा एमपीएससीचा अभ्यास करतोय. त्याने एक फिरता मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे नोट्समध्ये घेऊ का?" मेसेज थोडक्यात असा: पेशवाईत जमिनीची ना मोजणी होती ना नोंद. इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात शास्त्रीय मोजणी केली, सारा म्हणजे जमिनीवरचा सरकारी कर कायमचा ठरवला, शेतकऱ्याला मालक केलं, सातबारा दिला. तरी तो कर्जात बुडाला, कारण लग्नातली उधळपट्टी.

घेऊ नकोस रे बाबा. शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, डोकं त्यानेच फिरलंय.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात, भर बाजारात, शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना हवी होती कर्जखतं, म्हणजे कर्जाचे लेखी करार, आणि हिशोबाच्या वह्या. हाती लागली ती जाळली; सावकाराने मुकाट्याने काढून दिली, तिथे सहसा अंगाला हात लावला नाही. लोण नगर जिल्ह्यातही गेलं, ९५१ जणांना अटक झाली आणि सरकारने आयोग नेमला. उधळपट्टीचं तुणतुणं तेव्हाही वाजत होतंच. आयोग सरकारचाच, रयतेचा कैवार घ्यायचं त्याला काही कारण नव्हतं. तरी अहवालात त्याने लिहिलं की लग्नकार्याच्या खर्चाला नको तितकं महत्त्व दिलं गेलंय. ऐपतीच्या मानाने तो जास्त असेल, पण लग्न निघतं कधीतरी. कर्ज फुगतं ते वरचेवर घ्याव्या लागणाऱ्या लहानसहान उचलींनी: पोटाला, बियाण्याला, बैलाला आणि सरकारी साऱ्याला. सारा! मेसेजवाल्याने नेमकं हेच गाळलंय.

"कायमचा सारा" तर निव्वळ थाप. इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांची साऱ्याची आकारणी १८३६ च्या सुमारास लागू झाली, तीस वर्षांच्या मुदतीने. मुदत संपली तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव उतरणीला लागले होते, आणि फेरआकारणीत तालुक्याचा सारा दीडपटीच्या घरात गेला. ओरड इतकी झाली की १८७४ मध्ये सरकारलाच वाढीला मर्यादा घालावी लागली: तालुक्याला ३३ टक्के, एका गावाला ६६, एका शेतकऱ्याच्या खात्याला १००. म्हणजे एखाद्याचा सारा दुप्पट केला तरी तो नियमात बसायचा! आणि हा सगळा अवर्षणाचा पट्टा. ज्वारी पिको नाहीतर करपो, हप्ता रोखच.

मालकीचं म्हणाल तर सारा भरेपर्यंतच कब्जा. थकला की जमीन सरकारजमा. कब्जा विकता येऊ लागला तसा तो गहाणही टाकता येऊ लागला, आणि वसुलीला दिवाणी कोर्टं होतीच. १८५९ च्या कायद्याने कर्जखतावर दावा लावायची मुदत तीन वर्षांवर आणली ती रयतेच्या भल्यासाठी. सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घेऊ लागला. अंगठा उठवणाऱ्याला आकडा कोण वाचून दाखवणार? १८७९ चा दख्खन शेतकरी दिलासा कायदा पुढे आला तो या व्यवहारांना आवर घालायला. साऱ्याचे दर त्याच्या कक्षेतच नव्हते.

एक मात्र द्यावं लागेल. विंगेटची मोजणी खरोखर कसून केलेली होती. माती किती हात खोल, चुनखड आहे का, वाळू आहे का, उतार किती, हे शेतागणिक पाहून जमिनीची प्रत, म्हणजे दर्जा, आण्यांत लावायची. प्रत्येक दोषाला एक प्रत खाली. सुरुवातीचे दर हलके होते आणि पडीक जमिनी पुन्हा वहितीखाली आल्या. पण त्या पडीक का पडल्या होत्या? एक मोठं कारण म्हणजे आधीच्या प्रिंगलसाहेबांची तितकीच "शास्त्रीय" मोजणी. निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरला आणि शेतकरी जमिनी टाकून गेले. मेसेजात प्रिंगलचं नावही नाही.

बाकीचं भराभर. मोजणी नव्हती म्हणे! मोजण्या पेशवाईच्याही आधी निजामशाहीच्या मलिक अंबरने केल्या, शिवाजी महाराजांच्या अण्णाजी दत्तोंनी केल्या, माधवराव पेशव्यांच्या काळात 'कमाल' नावाची आकारणी झाली. दुसऱ्या बाजीरावाने मामलती, म्हणजे सारावसुलीचं काम, मक्त्याने (ठेक्याने) देऊन त्याची वाट लावली, हे खरं. आणि सातबारा ज्या हक्कनोंदीतून आला, तिचा कायदा १९०३ चा. सुप्याच्या दंग्याला तोवर अठ्ठावीस वर्षं झाली होती.