वर्डप्रेसचं प्लगइन पक्कं करण्याआधी त्याला एक मराठी ओळ खाऊ घाला

'महाराष्ट्रातील पाणीपुरवठा योजनांचा आढावा' असं शीर्षक देऊन वर्डप्रेसवर लेख प्रकाशित करा आणि त्याचा पत्ता बघा. तो 'महाराष्ट्रातील-पाणीपुरव' इथेच तुटलेला दिसेल. पत्त्याच्या या शेवटच्या भागाला, म्हणजे स्लगला, डेटाबेसमध्ये २०० जागा दिलेल्या असतात. रोमन अक्षराला त्यातली एक जागा पुरते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणेसकट सांकेतिक रूपात साठवलं जातं आणि त्याला ९ जागा लागतात. काना, वेलांटी, उकार, पाय मोडल्याची खूण, सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात, आणि त्यातली १४ एकट्या 'महाराष्ट्रातील'मध्ये संपतात. उद्या याच दोन शब्दांनी सुरू होणारा दुसरा लेख टाकलात, तर त्याचा पत्ताही तिथेच कुठेतरी तुटेल आणि मागे नुसता २ चा आकडा लागेल. व्हॉट्सॲपवर पाठवायला जाल तर टक्क्यांच्या खुणांचं लांबलचक शेपूट चिकटतं.

संस्था, वाचनालयं, दिवाळी अंक, पतपेढ्या यांची मराठी संकेतस्थळं चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. प्लगइन म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायची जादा सोय. 'दहा उपयुक्त प्लगइन' छापाच्या याद्यांचा आपल्याला फारसा उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे. पाच तारे आणि लाखो इन्स्टॉल बघून आणलेलं प्लगइन रोमन लिपीत उत्तम चालत असेल, पण देवनागरीत ते काय करतं हे त्या ताऱ्यांवरून कळत नाही. म्हणून नवीन काहीही आणलंत की आधी त्यात ही ओळ टाका: 'दऱ्याखोऱ्यांतल्या वाङ्मयप्रेमी ॲड. श्रीकृष्णांची शाळा'. ऱ्य, ङ्म, ॲ, श्र, ष्ण, ळ अशा बऱ्याच अडचणी यात येतात. पहिली वेलांटी तेवढी राहते, तेव्हा शेवटी 'विद्यार्थिनी' हा शब्दही जोडा. फॉर्ममध्ये, शोधात, ईमेलमध्ये, पीडीएफमध्ये आणि एक्सेलमध्ये ही ओळ जशीच्या तशी बाहेर आली, तरच ते प्लगइन ठेवा.

स्लगसाठी प्लगइन लागतच नाही. प्रकाशित करण्याआधी हातानं रोमनमध्ये तीन-चार शब्द लिहा, 'pani-yojana-adhava' एवढं पुरे. जुन्या लेखांचे स्लग बदललेत तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून वाचकाला नव्यावर नेतं. मात्र ही सोय पोस्टना आहे, पेजना नाही. 'आमच्याविषयी'सारख्या पानाचा स्लग बदलला की जुना दुवा थेट ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', देतो. तिथे 'रीडायरेक्शन' हे प्लगइन खरंच कामाचं आहे. जुना पत्ता, नवा पत्ता, ३०१ (म्हणजे 'कायमचं हललं') असं भरलं की झालं. शिवाय कुठले पत्ते सापडत नाहीत याची नोंदही ते ठेवतं. ही नोंद किती दिवस ठेवायची ते सेटिंग्जमध्ये आठवड्यावर आणा, नाहीतर बॉटच्या, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चकरांनी तो तक्ता फुगत जातो.

आता फॉर्म. 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' हलकं आहे आणि मराठी लेबलं नीट दाखवतं, पण दोन गोष्टी अनेकांना माहीत नसतात. पहिली म्हणजे ते आलेला संदेश कुठेही साठवत नाही, नुसता ईमेल पाठवतं. ईमेल पोचला नाही तर अर्ज गेला. त्याच लेखकाचं 'फ्लेमिंगो' सोबत टाकलं की प्रत्येक संदेश डेटाबेसमध्ये राहतो. दुसरी गोष्ट, 'फ्रॉम'च्या चौकटीत अर्जदाराचा ईमेल टाकायची चूक सर्रास होते. तुमच्या सर्व्हरवरून कुणाच्या तरी जीमेलच्या नावानं पत्र निघालं की समोरची यंत्रणा ते बनावट समजते आणि स्पॅममध्ये टाकते किंवा परत लावते. फ्रॉममध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा, अर्जदाराचा 'रिप्लाय-टू'मध्ये. आणि होस्टिंगच्या साध्या मेलवर विसंबू नका. 'डब्ल्यूपी मेल एसएमटीपी'सारखं प्लगइन टाकून खऱ्या मेलखात्यातून पाठवा, आणि डोमेनच्या एसपीएफ व डीकेआयएम नोंदी (पत्र खरंच तुमच्या डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या) करून घ्या.

हेच अर्ज सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यात, उतरवून एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं की मराठी नावांच्या जागी कचरा दिसतो. डेटा शाबूत असतो. फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवणारी संकेतपद्धत) आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं, एवढंच. फाइल थेट न उघडता एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून टेक्स्ट फाइल म्हणून आत घ्या आणि यूटीएफ-८ निवडा. कचरा दिसत असताना सेव्ह मात्र करू नका, मग ती नावं खरंच जातात.

सगळ्यात जास्त त्रास पीडीएफचा. देणगीची पावती, प्रमाणपत्र, बिल बनवून देणारी बरीच प्लगइन आतून 'डॉमपीडीएफ' हे पीडीएफ घडवणारं सॉफ्टवेअर वापरतात. देवनागरीत चिन्हं एकापुढे एक ठेवून भागत नाही. वेलांटी व्यंजनाच्या आधी न्यावी लागते, जोडाक्षर घडवावं लागतं. हे घडवण्याचं काम डॉमपीडीएफ करत नाही. मग 'विद्यार्थिनी'तली पहिली वेलांटी 'व'च्या मागे जाऊन बसते आणि 'द्य'च्या जागी पाय मोडलेला द आणि शेजारी सुटा य छापला जातो. कितीही चांगला मराठी फॉन्ट टाका, फरक पडत नाही, कारण दोष फॉन्टचा नाहीच. 'एमपीडीएफ' या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारं प्लगइन निवडा. त्यात ओपनटाइपची, म्हणजे अक्षरं जुळवण्याची, सोय चालू करून देवनागरी फॉन्ट दिला की जोडाक्षरं नीट येतात. तेही जमत नसेल तर पावतीचं साधं वेबपान बनवा आणि ब्राउझरमधूनच पीडीएफ म्हणून छापा. ब्राउझरला मराठी उत्तम जुळवता येतं. देणगीदाराच्या हातात त्याचं नाव मोडक्या अक्षरांत जाणं हे मला तरी अपमानास्पद वाटतं.

शोधाचंही तसंच. वर्डप्रेसचा स्वतःचा शोध अक्षरांची सरळ जुळणी करतो. 'शाळा' शोधलंत तर 'शाळांमध्ये' सापडेल, पण 'शाळेत' नाही, कारण तिथे काना उरलेलाच नाही. 'रेलेवान्सी' हे शोधाचं प्लगइन टाकल्यानं निकालांचा क्रम सुधारतो, पण ते बसवल्या बसवल्या एक आकडा बदलायचा. किमान शब्दलांबी मुळात ३ असते, त्यामुळे 'घर', 'कर', 'वड' असे शब्द सूचीत येतच नाहीत. तिथे २ करा आणि सूची पुन्हा बांधा. नुसतं सेव्ह करून उपयोग नाही. विभक्तीच्या रूपांसाठी त्यातल्या समानार्थी शब्दांच्या चौकटीत 'शाळा = शाळेत', 'शाळा = शाळेचा' अशा जोड्या भरा. आपल्या विषयातले तीस-चाळीस शब्द भरले तरी शोध वापरण्याजोगा होतो. आणखी एक मेख: 'ऱ्या' संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', पाय मोडल्याची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द. आणि एखाद्या प्लगइननं मजकूर 'स्वच्छ' करताना ते अदृश्य चिन्ह काढलं की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. लिहिणाऱ्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचं ठरवलं तर हे टळतं.

पुस्तकं, सभासद, कार्यक्रम असे वेगळे प्रकार हवे असतील तर 'कस्टम पोस्ट टाइप यूआय' आणि 'ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' ही जोडी. चौकटीचं लेबल मराठीत, 'किंमत' वगैरे, पण आतलं नाव नेहमी रोमनमध्ये. प्रकाराच्या नावाला २० अक्षरांची मर्यादा आहे. नवा प्रकार केल्यावर त्याची पानं ४०४ देऊ लागली तर घाबरू नका. पर्मालिंकच्या (पत्त्यांच्या रचनेच्या) सेटिंग्जमध्ये जाऊन काहीही न बदलता सेव्ह दाबा. हे प्रकार थीममध्ये लिहून घेऊ नका. थीम बदलली की सगळी पुस्तकं डॅशबोर्डवरून गायब होतात, डेटाबेसमध्ये असूनही. ऑक्टोबर २०२४मध्ये वर्डप्रेस डॉट ऑर्गनं हेच फील्डचं प्लगइन आपल्या ताब्यात घेऊन 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' असं नाव दिलं. डिसेंबरात न्यायालयाच्या आदेशानंतर मूळ प्लगइन परत आलं, आणि आज दोन्ही आहेत. तुमच्याकडे यातलं कुठलं चालू आहे ते एकदा बघून घ्या आणि फील्डची रचना जेसन फाइलमध्ये उतरवून जवळ ठेवा.

दिसण्याच्या बाबतीत प्लगइन कमीत कमी. शीर्षकाची अक्षरं एकेक करून उडवत आणणारी ॲनिमेशन शब्दाचे तुकडे करतात आणि जोडाक्षर फुटतं. इंग्रजी थीम शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवून देतात, त्यानं आपली शिरोरेघ तुटते. जादा सीएसएसच्या चौकटीत लेटर-स्पेसिंग शून्य करा आणि ओळीची उंची १.६च्या आसपास ठेवा, म्हणजे मात्रा आणि उकार कापले जाणार नाहीत. साइटची भाषा मराठी निवडलेली आहे ना, तेही बघा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे दिलेले असतात, ते पानाची भाषा मराठी असेल तरच ती रूपं दाखवतात. नाहीतर हिंदी वळण येतं.

एवढं सांभाळूनही काहीतरी बिघडतंच. अपडेटच्या आधी 'अपड्राफ्टप्लस'नं फाइल आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या आणि तो त्याच सर्व्हरवर न ठेवता गूगल ड्राइव्हवर पाठवा. कुठलं प्लगइन भांडतंय ते शोधायला 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' वापरा. त्यातली दुरुस्ती-अवस्था फक्त तुमच्यापुरती सगळी प्लगइन बंद करते, वाचकांना साइट नेहमीसारखी दिसत राहते. मग एकेक चालू करत जा. पान पांढरं पडून लॉगिनच होत नसेल तर आधी ॲडमिनचा ईमेल तपासा. ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस तिथे रिकव्हरीचा दुवा पाठवतं. तोही आला नाही तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगइनच्या फोल्डरमधलं त्या प्लगइनचं नाव बदला, ते आपोआप बंद पडतं.

बंद केलेली प्लगइन तशीच पडू देऊ नका, काढून टाका. मात्र काढल्यावरही कित्येकांची सेटिंग्ज डेटाबेसमध्ये राहतात आणि प्रत्येक पान उघडताना लोड होतात. हा आपोआप लोड होणारा डेटा ८०० केबीच्या वर गेला की ६.६ आवृत्तीपासून साइट हेल्थच्या पानावर तशी सूचना येते. ती दिसली तर आधी बॅकअप, मग ऑप्शन्सच्या तक्त्यात सर्वांत मोठ्या नोंदी कुणाच्या आहेत ते बघा.